आधी माणूस, मग वाफा

(ठाणे येथील वर्तकनगरात प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून इथे आला आहात. कोणी घरकाम करून आल्या आहेत. कोणी बिगारी काम करून आले आहेत. कोणी येऊरच्या पाड्यावरून डोंगर उतरून आले आहेत. म्हणून मी लांबण लावत नाही. आज मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आखणीची आणि दुसरी भाजीची. शेवटी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे तुमच्या ध्यानात येईल.

‘डिझाइन’ हा इंग्रजी शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. साडीच्या काठाचे डिझाइन, बांगडीचे डिझाइन, लग्नपत्रिकेचे डिझाइन. डिझाइन म्हणजे नक्षी, असे आपण समजतो. पण या शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे. वस्तू कोणासाठी करायची, तो माणूस ती कशी वापरील, त्याला ती कुठे बोचेल, हे सगळे आधी पाहून केलेली आखणी म्हणजे डिझाइन. अशी आखणी करणारा तो डिझाइनर.

तुमच्या घरातली विळी बघा. खाली पाट आहे. त्यावर पाते उभे आहे. पात्याच्या टोकाला खोबरे खवायची खवणी आहे. ही विळी ज्याने पहिल्यांदा घडवली, त्याने काय काय पाहिले असेल? बाई जमिनीवर बसून भाजी चिरते, हे पाहिले. भाजी धरायला दोन्ही हात मोकळे हवेत, हे पाहिले. पाटावर पाय ठेवला की विळी हलत नाही, हेही पाहिले. तो कोणत्या शाळेत गेला नसेल. पण तो मोठा डिझाइनर होता.

आता उलटे उदाहरण घ्या. काही ठिकाणी सार्वजनिक नळाची तोटी इतकी खाली असते, की तिच्याखाली कळशी राहते, पण हंडा राहत नाही. मग बाया काय करतात? कळशी भरतात आणि हंड्यात ओततात. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे. नळ बसवणाऱ्याने भिंत पाहिली, पाइप पाहिला. हंडा तेवढा पाहायचा राहिला.

चांगल्या आखणीचे एक नामांकित उदाहरण आपल्याच देशातले आहे. ते म्हणजे जयपूरचा पाय. ज्याचा पाय अपघातात जातो, त्याला लाकडाचा किंवा रबराचा पाय बसवतात. पूर्वी हे पाय परदेशी पद्धतीचे असत. ते बुटात घालावे लागत. परदेशी माणूस खुर्चीवर बसतो, बूट घालून फिरतो, त्याला ते ठीक होते. पण आपला शेतकरी? तो उकिडवा बसतो. मांडी घालून जेवतो. अनवाणी चालतो आणि भाताच्या चिखलात उतरतो. तो परदेशी पाय त्याला कसा चालावा?

जयपूरच्या इस्पितळात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. फारसे शिकलेले नव्हते, पण हात मोठा कसबी. आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी हे शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९६८ च्या सुमारास रबराचा पाय तयार केला. तो पाण्यात भिजला तरी चालतो. त्याला बूट लागत नाही. तो घालून उकिडवे बसता येते आणि मांडी घालता येते. त्याची किंमतही कमी. पुढे हजारो लोक तो पाय घालून शेतात उभे राहिले. या कामासाठी डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

यात मुख्य गोष्ट कोणती? रबर ही मुख्य गोष्ट नव्हे. माणूस कसा बसतो आणि कसा चालतो, हे त्यांनी आधी पाहिले, ही मुख्य गोष्ट.

कोकणातही अशी उदाहरणे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबे उतरवण्यासाठी ‘नूतन झेला’ काढला. काठीने झोडून आंबा पाडला की त्याला मार बसतो. देठ तुटला की चीक सांडतो, साल काळी पडते आणि आंबा लवकर सडतो. नूतन झेल्याला पाते आहे. ते देठासकट आंबा कापते आणि आंबा अलगद जाळीत पडतो. त्याच विद्यापीठाचा ‘वैभव विळा’ आहे. त्याला दाते आहेत. या विळ्याने भात अगदी जमिनीलगत कापता येतो. धसकट उंच राहिले की त्यात खोडकिड्याच्या अळ्या दडून बसतात. धसकट बुटके राहिले की त्यांचा आसरा जातो. कापणाऱ्याचा हात आणि पिकाचा शत्रू, दोन्हींचा विचार एका विळ्यात केला आहे.

आखणीचे हे शास्त्र शिकवणाऱ्या मोठ्या शाळाही आपल्या देशात आहेत. अहमदाबादला १९६१ साली एक राष्ट्रीय संस्था निघाली. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली असे केंद्र सुरू झाले. पवई आपल्या ठाण्यापासून काही लांब नाही. अशा शाळांत चित्र काढायला तर शिकवतातच. पण त्याआधी एक गोष्ट शिकवतात. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याच्याजवळ जाऊन बसा. तो काम कसे करतो ते बघा. त्याला विचारा. मग एक साधा नमुना करा आणि त्याच्या हाती द्या. तो कुठे अडतो ते पाहा आणि नमुना बदला. याला माणसाला मध्यभागी ठेवून केलेली आखणी म्हणतात. बोलायला सोपे आहे. करायला मात्र धीर लागतो, कारण आपण काढलेले सुंदर चित्र आपल्याच हाताने खोडावे लागते.

आता भाजीकडे वळू.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, विळ्याचे आणि पायाचे ऐकले. भाजीत कसली आली आखणी? बी टाकले, पाणी घातले, उगवली.” उगवते खरी. पण ती कोणाच्या ताटात पडते? हा प्रश्न आखणीचा आहे.

सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत काय आढळले? महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. जिना चढताना दम लागतो. काम करता करता डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण म्हणतो, “थकवा आला असेल.” नुसत्या पालेभाजीने हे सगळे भरून निघत नाही, हे मी आधीच सांगतो. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या लागतात. डाळ, अंडे, मासळी लागते. पण रोजच्या जेवणात मूठभर हिरवी भाजी आणि वर लिंबू पिळलेले असले, तर अंगाला मदत होते. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते. बाजारात भाजी महाग झाली, की घरात पहिली कोणाच्या ताटातली भाजी कमी होते? घरच्या बाईच्या. म्हणून दाराशी चार वाफे असणे, हे शोभेचे काम नाही.

असे वाफे एकट्याने करता येतात. पण जागा थोडी आणि घरे पुष्कळ असली, तर सगळ्यांनी मिळून करावे लागतात. आणि इथेच आखणी चुकते.

एका गावातली हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, आणि संस्थेचेही नाही. एका संस्थेने तिथल्या बायकांसाठी सार्वजनिक भाजीबाग करायचे ठरवले. हेतू चांगला होता. पैसाही आला. मोठ्या कागदावर नकाशा काढला. बारा वाफे, तारेचे कुंपण, लोखंडी फाटक. नारळ फोडला, फोटो काढले. कोबी, फुलकोबी आणि ढोबळी मिरची लावली.

फाल्गुनात मी त्या गावी गेलो, तेव्हा बाग वाळून गेली होती. फाटकाला कुलूप होते. संस्थेचे गृहस्थ मला म्हणाले, “काय करणार! या बायकांना आवडच नाही.”

मी गप्प राहिलो. पण त्या गावच्या अंगणवाडीच्या ताई गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी काय केले? तीन संध्याकाळी त्या हातपंपाजवळ जाऊन बसल्या. पाणी भरायला आलेल्या प्रत्येक बाईशी बोलल्या. भाषण केले नाही, नुसते विचारले. बागेत का येत नाही? कधी यायला जमेल? कोणती भाजी घरात खातात? पाणी कुठून आणता?

उत्तरे ऐका. एक काकी म्हणाली, “बाग उघडते दहाला. दहाला आम्ही शेतात असतो. घरी येतो तेव्हा कुलूप.” दुसरी म्हणाली, “किल्ली चिटणिसांच्या घरी. तिथं मागायला जायचं म्हणजे डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं. आणि भाजी किती, तर मूठभर!” एक म्हातारी आजी म्हणाली, “वाफा केवढा रुंद! मधलं तण काढायला पाय आत टाकावा लागतो. रोप तुडवलं की बोलणी बसतात.” एक सून म्हणाली, “हंडा घेऊन दोनशे पावलं चालायची आणि तो ढोबळीला घालायचा? घरात ढोबळी कोणी खात नाही. अंबाडी असती तर घातलं असतं पाणी.”

बघा, म्हणजे आवड नव्हती असे नाही. आखणी चुकली होती. कागदावर वाफे बरोबर होते. कागदावर बाई नव्हती.

मग ताईंनी आणि त्या बायकांनी बाग उचलून हातपंपाजवळ आणली. पंपाखाली सांडणारे पाणी पूर्वी चिखल करत होते. त्याला चर काढून दिला आणि ते वाफ्यात सोडले. वेगळे पाणी वाहण्याचे कामच उरले नाही. वाफे अरुंद केले. माठ, मेथी, अंबाडी, चवळी लावली. कडेला शेवगा आणि कढीपत्ता लावला. फाटक नाही, कुलूप नाही. शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्याची वई केली. पाणी भरायला आलेली बाई उभ्या उभ्या चार तणे उपटते आणि जाताना जुडी घेऊन जाते. खर्च पहिल्या बागेच्या मानाने किरकोळ झाला. त्या ताईंना कोणी डिझाइनर म्हटले नाही. पण काम त्यांनी तेच केले.

आता कोणी म्हणेल, खेड्यात जमीन आहे, शहरात काय? त्यांच्यासाठी मुंबई बंदराचे उदाहरण सांगतो.

मुंबईच्या बंदरात हजारो कामगार काम करत. त्यांचे जेवण करणारे एक मोठे स्वयंपाकघर होते. प्रीती पाटील या तिथल्या अधिकारी होत्या. स्वयंपाकघर म्हटले की भाजीची देठे, साली, उरलेसुरले रोज निघणारच. ते सगळे कचऱ्यात जात होते. वर गच्ची रिकामी होती. डॉ. आर. टी. दोशी नावाचे गृहस्थ शहरात गच्चीवर भाजी कशी करावी, हे लोकांना शिकवत असत. त्यांचे पाहून २००२ च्या सुमारास या गच्चीवर बाग सुरू झाली. सुमारे ३,००० चौरस फूट जागा. म्हणजे तीन गुंठ्यांना थोडी कमी.

या बागेत काम कोणी केले? बाहेरून माळी आणले असते तर माळी गेल्याबरोबर बाग गेली असती. इथे स्वयंपाकघरातलीच माणसे माळी झाली. ज्याच्या हातून साल निघते, तोच ती वर नेऊन कुजवतो, आणि तोच भाजी खुडतो. काम आणि माणूस एकाच जिन्यावर. पुढे त्याच जागी पालेभाज्याच काय, फळझाडेही आली. नंतर प्रीतीताईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शहरातल्या इतर लोकांनाही एकत्र येऊन बागा करायला शिकवले.

गच्चीवर माती चढवली नाही का? थोडीच. यात एक हिशेब आहे, तो लिहून घ्या. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल एवढी ओली माती सुमारे ४५ ते ५० किलो भरते. शंभर चौरस फुटांवर फूटभर ओली माती घातली, तर गच्चीवर पाच हजार किलोपर्यंत भार पडतो. गच्ची खचेल! म्हणून गच्चीवर सुका पाला, उसाचे चिपाड आणि कुजलेला कचरा वापरतात, आणि माती थोडी घालतात. ते हलके असते. तरीसुद्धा जुन्या इमारतीच्या गच्चीवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही चढवू नये.

पाला कुजवण्याची ही रीत आपल्याकडे लोकांपर्यंत नेली ती कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. शेतीचे पदवीधर नव्हते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाची चळवळ उभी केली. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः प्रयोग करावा, डोळे उघडे ठेवून पाहावे आणि जे दिसले ते दुसऱ्याला सांगावे. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी असेच एकमेकांच्या प्रयोगातून शिकून बागा वाढवल्या. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचे कसे भागेल, याचाही हिशेब दाभोलकरांनी मांडला.

पाला कुजवायला एक पातळ खत करतात. त्याला अमृतजल म्हणतात. प्रमाण सांगतो. दहा लिटर पाणी, एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचे आणि रोज दोन-तीन वेळा ढवळायचे. चौथ्या दिवशी त्यात पाणी घालून ते शंभर लिटर करायचे. या पाण्यात सुका पाला भिजवून थर रचले आणि मध्ये मुठीने माती टाकली, की काही महिन्यांत काळी भुसभुशीत माती तयार होते. आपल्या वर्तकनगरात झाडाखालचा पाला जाळताना मी रोज पाहतो. तो धूर आपल्याच नाकात जातो. जळते ती खरे तर उद्याची माती.

बियाण्याचेही असेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणे कसे निवडावे, राखेत घोळून मडक्यात कसे जपावे, हे त्या जाणतात. संकरित भाजी आली आणि जुनी वाणे घराघरांतून जाऊ लागली, तेव्हा त्यांनी ती गोळा केली आणि घरीच बियाण्यांची बँक केली. ‘बाएफ’ या संस्थेने त्यांना साहाय्य केले. त्या बियाणे उसने देतात आणि घेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचे. पैसा नसलेल्या बाईलाही हा व्यवहार जमतो, म्हणून तो चालला. सरकारने २०२० साली राहीबाईंना ‘पद्मश्री’ जाहीर केली.

परदेशातले एकच उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये टॉडमॉर्डन नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या काही बायकांनी पुढाकार घेतला आणि २००८ साली लोक रिकाम्या सार्वजनिक जागी भाजी लावू लागले. रस्त्याच्या कडेला लावली, दवाखान्यापाशी लावली. पोलीस ठाण्यापुढच्या वाफ्यात मका लावला! ज्याला लागेल त्याने घ्यावे, असा नियम. सुरुवातीला लोक भीत भीत खुडत. हळूहळू सवय झाली. आपल्या वर्तकनगरातही पोलिसांची वसाहत आहे. तिथे मका लावा, असे मी म्हणत नाही. पण विचार करायला काय हरकत आहे?

आता आपल्या घरचे बोलतो. वर्तकनगर ही म्हाडाची जुनी वसाहत. जे खेड्यात राहून हे वाचतील, त्यांना सांगतो: तीन-चार मजली जुन्या इमारती, मधे मोकळे अंगण, कुठे तुळस, कुठे अळू, कुठे कोणी लावलेला शेवगा. आता अशा पुष्कळ इमारती पाडून उंच इमारती होत आहेत. तुमच्यापैकी कित्येकांची घरे त्यात आहेत. नवे घर मिळणार, लिफ्ट मिळणार, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अंगणातला शेवगा त्या नकाशात नसतो. त्या जागी गाड्या उभ्या राहतात, नाहीतर शोभेची हिरवळ येते आणि तिच्यावर पाटी लागते: ‘आत जाऊ नये.’

इथे तुमच्या साक्षरतेचा उपयोग आहे. नवीन इमारतीचा नकाशा सोसायटीच्या सभेत ठेवला जातो. आजवर आपण मान डोलवून अंगठा उठवत होतो. आता सही करण्याआधी नकाशा वाचा. न समजले तर विचारा, लाजू नका. मोकळी जागा कुठे आहे? तिथे ऊन किती तास येते? मिरची, वांगी, टोमॅटो यांना सहा तास ऊन लागते. पालेभाजीला तीन-चार तासही चालतात. पाण्याची तोटी कुठे आहे? तिच्याखाली हंडा राहतो का? म्हातारीला तिथवर किती पायऱ्या उतराव्या लागतात? पाला-कचरा कुजवायला कोपरा ठेवला आहे का? दहा घरांनी मिळून हे प्रश्न विचारले, तर नकाशा काढणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. तो वाईट माणूस नसतो. त्याला आपण दिसलेलो नसतो, एवढेच.

आणि जागा मिळालीच, तर वाफा आखताना आपल्याच शेजारणीला विसरू नका. वाफा चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. मुलांसाठी असेल तर तीन फूट पुरे. वाट दीड-दोन फुटांची ठेवा, म्हणजे कळशी घेऊन जाता येते. पहिल्या वेळी माठ लावा, मेथी लावा. महिन्याभरात खुडायला येते, त्यामुळे लोकांचा हुरूप टिकतो. गटाराचे पाणी भाजीला कधीही घालू नका, त्याने रोग येतात.

सगळ्यांत नाजूक आखणी वाटणीची. बाग वाळते ती पुष्कळदा भांडणाने. ‘मी पाणी घातले, तिने जुडी नेली.’ म्हणून आधीच ठरवा. कोणत्या दिवशी कोणी पाणी घालायचे, कोणी किती न्यायचे, आजारी माणसाच्या घरी किती द्यायचे. ते वहीत लिहा आणि भिंतीवर लावा. आता आपल्याला वाचता येते. त्यामुळे ‘मला सांगितले नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही. सकाळी सातला कामाला जाणाऱ्या बाईला दुपारची पाळी देऊ नका. तिला रविवार द्या.

पावसाळ्यात येऊरच्या बाया खाली भाजी घेऊन येतात. टाकळा, शेवळे, कर्टुली, भारंगी. त्यातल्या काही जणी आज इथे बसल्या आहेत. बियाणे कधी टाकावे, कोणता पाला खावा आणि कोणता नाही, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे. बागेची पहिली बैठक भराल तेव्हा त्यांना खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या.

आता तुम्हांला घरचा अभ्यास देतो. जुनी सवय आहे, जात नाही! पुढच्या गुरुवारी वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या शेजारच्या पाच घरी जाऊन तीन प्रश्न विचारून यायचे. घरात कोणती भाजी आवडते? दिवसात अर्धा तास कधी मोकळा असतो? पाणी कुठून भरता? उत्तरे आपल्या हाताने वहीत लिहायची. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. नकाशा आपण त्यानंतर काढू.